मधल्या सीटवरच्या बाई

पाठकबाईंच्या मैत्रिणीचं नाव काय होतं?

हा प्रश्न मी नांदेडला घरच्यांना विचारला, लातूरच्या चुलत बहिणींना विचारला. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका झी मराठीवर ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि चार वर्षांहून जास्त चालली. अक्षया देवधरनं केलेल्या अंजली पाठक, म्हणजे गावाच्या तोंडी ‘पाठकबाई’, या मराठी दूरचित्रवाणीवरच्या बहुधा सगळ्यात गाजलेल्या शाळेच्या बाई. सगळ्यांना राणादा आठवला, त्याचं ‘चालतंय की’ आठवलं, वहिनीसाहेबांची कारस्थानं आठवली. मैत्रीण कुणालाच आठवेना.

पाठकबाई शाळेत शिकवायच्या, पण लग्न झालं आणि कथा शाळेतून उठून राणादाच्या घरात जाऊन बसली. मार्च २०२३ मध्ये त्याच वाहिनीवर ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ आली. शिवानी रांगोळेची अक्षरा हीसुद्धा शिक्षिकाच, आणि तिचीही वाट वर्गातून सासरी गेली. सासूही अशी की शाळेची सत्ताच तिच्या हातात. दोन्ही मालिका लोकांनी मनापासून पाहिल्या, आमच्या घरातही पाहिल्या गेल्या, आणि बाईंचा मान त्यांनी राखला यात शंका नाही. पण शिकवणारी बाई घराबाहेर पडते तेव्हा तिला आणखी एक गोष्ट मिळते, ती या मालिकांच्या हातून सुटली. तिला मैत्रिणी मिळतात. नात्यातल्या नाहीत, गल्लीतल्या नाहीत, कामामुळे पदरात पडलेल्या.

ही गोष्ट मध्यभागी ठेवता येते असा मालिकेचा प्रकार म्हणजे सिटकॉम. शब्द इंग्रजीतला, आता आपल्याकडेही रुळलाय. मराठीत ‘प्रसंगनिष्ठ विनोद’ असं त्याचं भाषांतर करतात, ते मला थोडं फसवं वाटतं. प्रसंग तर प्रत्येक नाटकात असतो. सिटकॉममध्ये जपली जाते ती परिस्थिती. चार-पाच माणसं, एक ठरलेली जागा आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारं काहीतरी कारण. भाग सुरू होतो तेव्हा घडी बसलेली असते, मध्ये ती विस्कटते, संपताना पुन्हा जवळपास तशीच बसते. रोजच्या कौटुंबिक मालिकेचा व्यवहार याच्या उलट आहे. तिथं घडी मोडलेली ठेवावी लागते, नाहीतर उद्या प्रेक्षक येणार कशाला? म्हणून तिथं गुपितं लागतात, वारसा लागतो, स्मृती जाते, जुळी बहीण उगवते. सिटकॉमला यातलं काही लागत नाही. एका गॅस सिलिंडरवर अख्खा भाग निघतो.

मराठीला हा प्रकार नवा नाही. १९७७ साली मुंबई दूरदर्शननं चिं. वि. जोशींच्या कथांवरून ‘चिमणराव’ केलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. स्वतः शिक्षकी पेशातले, बडोद्याला पाली शिकवणारे. या मालिकेविषयी मुंबई-पुण्याची मोठी माणसं फार जिव्हाळ्यानं बोलतात. आमच्याकडची त्या वयाची माणसं मात्र गप्प बसतात, कारण त्यांनी ती पाहिलेलीच नसते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. नांदेड-लातूर त्या लहरींच्या टप्प्यात कुठून येणार? ऐंशीच्या दशकात गावोगाव छोटे प्रक्षेपक बसले तेव्हा त्यांच्यावर मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम यायचा. म्हणजे मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांनी दूरचित्रवाणीवर पहिला विनोद हिंदीतून पाहिला, ‘ये जो है जिंदगी’ वगैरे. मराठी वाहिन्या घरोघर आल्या त्या नव्वदीच्या अखेरीपासून, केबलवाल्याच्या तारेवरून. हे सांगायचं कारण असं की पडद्यावर आपण आहोत, आपली बोली आहे, ही सवयच आमच्याकडे उशिरा लागली, आणि नीट अजूनही लागलेली नाही.

आता शाळेच्या बाई आणि त्यांचा गोतावळा हा प्रकार मुळात जिथं रुजला तिथं जाऊन येऊ. अमेरिकेत १९४८ साली रेडिओवर ‘अवर मिस ब्रुक्स’ सुरू झालं आणि १९५२ ते १९५६ दूरचित्रवाणीवर चाललं. कॉनी ब्रुक्स मॅडिसन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. भूमिका ईव्ह आर्डनची. पगार तुटपुंजा. मिसेस डेव्हिस नावाच्या विसरभोळ्या बाईंकडे भाड्यानं राहते. मुख्याध्यापक कॉन्क्लिन सतत गुरगुरणारे. जीवशास्त्राचे बॉइंटन सर तिला आवडतात, त्यांना मात्र ते कळत नाही. आणि तिची गाडी सदान्‌कदा गॅरेजमध्ये असते, त्यामुळे वॉल्टर डेंटन नावाचा विद्यार्थी आपल्या खटारा गाडीतून तिला शाळेत नेतो. रोजचा प्रवास, भाड्याची खोली, डोक्यावरचा साहेब. सत्तर वर्षांपूर्वीची ती मांडणी वाचताना मला आमच्याकडच्या किनवट तालुक्यातली एखादी खोली दिसते, हे अगदी खरं सांगते.

ही मालिका देसिलू या कंपनीच्या स्टुडिओत चित्रित व्हायची. त्याच कंपनीनं १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’साठी एक रीत बसवली होती. समोर खरे प्रेक्षक बसवायचे, नाटकासारखा प्रवेश सलग करायचा आणि तीन कॅमेऱ्यांनी तो एकाच वेळी फिल्मवर घ्यायचा. कार्ल फ्रॉइंड हा जर्मन चित्रपटांत नाव कमावलेला छायालेखक त्यामागे होता. तीन कॅमेरे एकदम चालायचे म्हणून प्रकाश सगळीकडे सारखा लागायचा, आणि पात्रं एकमेकांकडे तोंड करून पण प्रेक्षकांना दिसतील अशी बसायची. सिटकॉममध्ये सोफा नेहमी मधोमध का असतो याचं उत्तर इथं आहे. जेवणाच्या टेबलाची एक बाजूही त्यामुळेच रिकामी असते. विनोद करणाऱ्याला समोरचं हसू ऐकू यायचं आणि तो क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यातून सिटकॉमची लय घडली.

आर्डनला त्या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला, आणि शिक्षकांच्या संघटनांनीही तिचा गौरव केला. यातली दुसरी गोष्ट मला मोठी वाटते. त्याआधी पडद्यावरची शिक्षिका म्हणजे चष्मा, अंबाडा आणि छडी, नाहीतर त्यागाची मूर्ती. मिस ब्रुक्सला भूक लागायची, पैशांची चणचण असायची, ती हजरजबाबी होती आणि तिला कुणीतरी आवडायचं. मालिकेत तिचं लग्न झालंच नाही. ते १९५६ च्या चित्रपटात लावलं, म्हणजे गोष्ट संपवतानाच.

पुढच्या पिढ्यांनी हीच वीण वेगवेगळी विणली. २०११ ते २०१८ चाललेल्या ‘न्यू गर्ल’मध्ये जेस ही शिक्षिका प्रेमभंगानंतर तीन अनोळखी तरुणांच्या घरात भाडेकरू म्हणून येते, आणि घरभाड्याची वाटणी हीच मैत्रीची सुरुवात ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’त फिलाडेल्फियातली गरीब सरकारी शाळा आहे. ती लिहिणाऱ्या क्विंटा ब्रन्सनची आई बालवाडीची शिक्षिका होती, आणि शाळेचं नाव तिनं आपल्या सहावीच्या अ‍ॅबट बाईंवरून ठेवलं. फाटलेली सतरंजी, न येणारा निधी, वर्गातला बंद दिवा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही बाईंना हे समजावून सांगायची गरज नाही.

मराठीत मैत्रीवरचा सिटकॉम झाला आणि चांगला झाला. मार्च २०१५ मध्ये आलेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’त मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये सहा जण राहायचे. अमेय वाघ, सखी गोखले, सुव्रत जोशी, स्वानंदी टिकेकर, पुष्कराज चिरपुटकर, पूजा ठोंबरे. फ्लॅटचं नाव ‘माजघर’. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांच्या घराला माजघर म्हणणं, यात मालिकेचा सगळा विचार आला. रोज प्रसारित होणारी मालिका असूनही ती वर्षभरात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, लोकांना हवी असतानाच थांबली. लातूर-नांदेडच्या होस्टेलांतल्या मुलामुलींनी ती भरपूर पाहिली. पण ते शहर मुंबई होतं. छोट्या गावात असं माजघर मुलींना मिळतं कुठे?

माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे, आणि त्याचं उत्तर जागेत आहे. सिटकॉमला अशी जागा लागते जिथं नात्यात नसलेली माणसं रोज, कारणाशिवायसुद्धा, बसू शकतात. आपल्या गावात पुरुषांना ती जागा शेकडो वर्षांपासून आहे. पार आहे, चावडी आहे, हॉटेलचं बाकडं आहे. म्हणून बारामती तालुक्यात तयार होणारी ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही यूट्यूबवरची मालिका इतकी सहज उभी राहिली. तिची मंडळी पारावर बसली तर ‘का बसलात?’ असं कुणी विचारत नाही. बाई तशी बसली तर विचारतात. हळदीकुंकू वर्षातून एकदा, भिशी महिन्यातून एकदा, आणि दोन्हीकडे ती कुणाची तरी सून म्हणून जाते.

मराठवाड्याच्या खेड्यात बाईला बाई म्हणूनच बसायची रोजची जागा दिली ती शिक्षिकेच्या नोकरीनं. ही जागा आपोआप झाली नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. एकशिक्षकी शाळेत किमान दोन शिक्षक असावेत आणि त्यांतली एक शक्यतो स्त्री असावी, असं तिनं ठरवलं. १९९४ मध्ये महाराष्ट्राचं महिला धोरण आलं आणि शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी तीस टक्के आरक्षण आलं. डी.एड. झालेल्या मुली वाडी-तांड्यावरच्या शाळांत पोचल्या. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना सुरू झाली. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. हा आकडा २०२३ मध्ये १६,००० झाला, पण त्या तीन हजारांत ज्यांनी दिवस काढले त्यांच्या मैत्रीची कथा निराळी आहे.

माझी मोठी बहीण त्यांतलीच. तिची पहिली नेमणूक नांदेड जिल्ह्याच्या टोकाच्या एका तालुक्यात झाली. तालुक्याच्या गावी तिघींनी मिळून एक खोली घेतली. घरमालक आधी ‘फक्त फॅमिलीला’ म्हणत होते. मालकीणबाईंनी तिघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘ह्या काय फॅमिली नव्हं का?’ एकदा मी तिथं चार दिवस राहिले. एक आरसा, एक शेगडी, तीन पत्र्याच्या पेट्या. एक ताई, एक देगलूरकडची, जी घरी फोन लागला की तेलुगूत बोलायची, आणि एक उदगीरची. सकाळी खिचडीच्या तांदळाचा हिशोब, रात्री पाठ टाचण काढता काढता मिसरीवरून भांडण. मला वाटायचं, या इतक्या भांडतात तर वेगळ्या का होत नाहीत? तीन हजारात वेगळं होता येत नव्हतं हे पुढे कळलं. पगार पूर्ण झाल्यावरही त्या दोन वर्षं वेगळ्या झाल्या नाहीत, हे त्याहून नंतर कळलं.

त्या खोलीत सिटकॉमचं अर्धं भांडवल भाषेचंच होतं. ताई म्हणायची, ‘काय करायलीस?’ उदगीरची म्हणायची, ‘काय करूलालीस?’ नांदेड आणि लातूर यांच्यामधली सीमा या एका क्रियापदात ऐकू येते. मराठी वाहिन्यांवर ‘गाव’ म्हटलं की कोल्हापूर-सातारची बोली लावतात, अलीकडे मालवणीलाही चांगले दिवस आले. आमची बोली लोकांना कळली ती लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या बावन्न पात्रांच्या एकपात्री प्रयोगातून, आणि पुढे मकरंद अनासपुरेंमुळे. दोघंही पुरुष. त्यामुळे या बोलीतली बाई चारचौघींत कशी बोलते, कशी खेचते, कशी समजूत काढते, हे पडद्यावर जवळपास आलेलंच नाही. त्यात सीमेचा शेजार आहे. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, निलंगा-देवणीकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, आणि दोन्ही शहरांत दखनी. दखनीतला ‘नक्को’ हा मराठीच्या ‘नको’वरून गेलेला. उर्दू शाळेतली बाजी आणि मराठी शाळेतली बाई एकाच गाडीत बसल्या की हा शब्द रोज इकडून तिकडे जातो आणि परत येतो.

ही गाडी म्हणजे ‘अपडाऊन’ची गाडी. नांदेडच्या लातूर फाट्यावर किंवा लातूरच्या रेणापूर नाक्यावर सकाळी नऊच्या सुमाराला उभं राहा. तोंडाला स्कार्फ, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, आणखी एका पिशवीत तपासलेल्या वह्या. महिन्यावारी ठरवलेली क्रूझर येते. पुढे ड्रायव्हरशेजारी सर, मागे उरलेले सर, मधली सीट बाईंची. शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहावं असा नियम आहे, घरभाडे भत्त्याचा वाद त्याच्याशी जोडलेला आहे, २०२२ मध्ये विधानसभेतही त्यावर जोरात बोलणं झालं. गावकऱ्यांची तक्रार मला समजते. गुरुजी गावात राहायचे तेव्हा संध्याकाळीही मूल त्यांच्याकडे जाऊ शकायचं. बाईंची अडचणही समजते. नवऱ्याची नोकरी शहरात, मुलांची शाळा शहरात, गावात संडासासह खोली मिळण्याची मारामार. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की लेखकाचं काम सोपं होतं, कारण कुणाला खलनायक करावं लागत नाही.

समजा, एका भागात अचानक तपासणी आहे. गाडी पंक्चर. मधल्या सीटवरच्या चौघींच्या चार शाळा, चौघींना दहाच्या आत पोचायचंय आणि दुचाकी मिळाली एकच. मुख्य कथा एवढीच, कोण आधी जाणार. जोडीला एक छोटी कथा चालू ठेवायची. चौघींतल्या एकीची आंतरजिल्हा बदली झाल्याचा आदेश कालच आलाय आणि तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. सिटकॉमचा बावीस मिनिटांचा भाग साधारण असाच बांधतात. वर एक धावणारी गोष्ट, खाली एक थांबलेली, आणि शेवटच्या दोन मिनिटांत खालची वर येते. हसवता हसवता डोळ्यांत पाणी येतं ते या बांधणीमुळे.

सणाचा भाग हवा असेल तर लातूरला येळवस आहे. दर्श वेळ अमावस्येला शहर ओस पडतं आणि सगळे शेतात जातात. कडब्याची कोपी, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, खीर. हा सण कन्नड मुलखाच्या शेजारामुळे लातूर-धाराशिव पट्ट्यात रुजलेला, नांदेडच्या बऱ्याच भागात तितका नाही. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी आवर्जून नेतं. ताईला उदगीरच्या मैत्रिणीनं पहिल्यांदा नेलं तेव्हा मैत्रिणीच्या आईनं विचारलं होतं, ‘पाव्हणी कोणाकडली?’ मैत्रीण म्हणाली, ‘माझ्याकडली.’

मग अशी मालिका होत का नाही? अंतर हे एक कारण. मुंबईहून नांदेड म्हणजे रेल्वेची अख्खी रात्र. कोल्हापूर, वाई, सातारा चित्रीकरणाला सवयीचे झालेत, तिथं राहण्याजेवण्याची सोय, जुने वाडे आणि कामाची माणसं तयार आहेत. आठवड्याचे सहा दिवस भाग द्यायचे हे दुसरं कारण. त्या वेगात विनोद लिहिणारा दमतो आणि कथा पुन्हा सासूकडे वळते. पण सोनी मराठीनं २०२३ मध्ये ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ केलं, टपाल कार्यालयाच्या चार भिंतींत विनोद उभा केला, त्यात अनासपुरे होतेच. कार्यालय चालतं तर शाळेची खोली का चालू नये? खर्च म्हणाल तर एक खोली, एक स्टाफरूम, एक क्रूझर. लिहिणाऱ्या मात्र आतल्या हव्यात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या कितीतरी बाई दिवसा फळ्यासमोर उभ्या असतात. त्यांच्या वहीत ही पात्रं आधीपासून आहेत.

ताईची बदली होऊन आता बरीच वर्षं झाली. ती लातूर रस्त्यावरच्या एका शाळेत आहे, अजूनही अपडाऊन करते. मागच्या महिन्यात मी तिला फाट्यावर सोडायला गेले. पाच मिनिटं उशीर झाला होता. क्रूझर थांबलेली होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मधल्या सीटवर तिघी बसल्या होत्या आणि चौथ्या जागेवर वह्यांची पिशवी ठेवली होती. ताईला बघून एकीनं ती पिशवी उचलून मांडीवर घेतली.